आवाजाला पैकीच्या पैकी, आकड्यांना काठावर पास

गुहागरच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कुळथाचं पीठ, तिरफळं, सांडगी मिरच्या, असा माल. दुकान आमच्या ह्यांचं. मी हायस्कुलात गणित शिकवत होते, निवृत्त झाल्यापासून गल्ल्यावर बसते. गावातलं निम्मं गिऱ्हाईक मला अजून ‘बाई’ म्हणूनच हाक मारतं, त्यामुळे हिशेबात सहसा कोणी उलटून बोलत नाही.

परीक्षण करायचंय ते यूपीआयने पैसे जमा झाले की मोठ्यानं ओरडून सांगणाऱ्या डब्याचं. क्यूआरच्या पाटीशेजारी काउंटरवर असतो तो. कोणी साउंडबॉक्स म्हणतं, कोणी स्पीकर. आमच्याकडे नुसता ‘डबा’. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या ओळीतल्या दुकानांतून वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आहेत आणि मला जे म्हणायचंय ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू आहे. ह्या डब्यांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते आवाज किती मोठा, बॅटरी किती टिकते, भाडं किती, एवढ्यावर थांबतं. आकडा कानातून डोक्यात आणि डोक्यातून वहीत कसा उतरतो, ह्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. अहो, पण डब्याचं काम तेच तर आहे!

आधी चांगलं ते सांगते. आवाज दणदणीत. समोरून चिपळूणची एस.टी. गेली, पलीकडची पिठाची गिरणी चालू असली तरी डबा बोलला हे कळतं. सिमकार्ड आतच आहे, त्यामुळे ह्यांचा मोबाइल खिशात असो की घरी चार्जिंगला, डब्याचं काही अडत नाही. वीज गेली तरी बॅटरीवर दिवस निघतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते म्हणजे जातेच. महिन्याचं भाडं खात्यातून परस्पर कापून घेतात, ते मला आवडत नाही, पण रक्कम बोचण्यासारखी नाही. खरा फायदा वेगळाच. “पैसे गेले बघा काकू” म्हणून मोबाइलचा स्क्रीन नाकासमोर नाचवायचा आणि पिशवी उचलून चालू पडायचं, हा प्रकार बंद झाला. डबा बोलल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही, हा आमचा नियम. पर्यटकसुद्धा आता डब्याकडे कान लावून थांबतात. ह्या एका गोष्टीसाठी डबा घ्यावा. ह्याबाबत दुमत नाही.

आता आकडे.

मे महिन्यातली दुपार. धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीबोट लागली की दापोलीकडून आलेल्या गाड्या एकदम गावात शिरतात. दुकानात सातआठ माणसं, प्रत्येकाची घाई. आमचे हे सुट्टे देताना वजाबाकी करत नाहीत. जुन्या दुकानदारांसारखे चढते मोजतात. तीनशे सत्तेचाळीसचं बिल, पाचशेची नोट. तीन रुपये हातावर ठेवून “तीनशे पन्नास”, मग पन्नासची नोट, “चारशे”, मग शंभरची, “पाचशे”. एकही वजाबाकी न करता एकशे त्रेपन्न रुपये बरोबर गिऱ्हाइकाच्या हातात. ही पद्धत मला फार आवडते. तिच्यात डोक्यात धरायचा आकडा एका वेळी एकच असतो. आणि नेमके ते “तीनशे पन्नास” म्हणतात तेव्हा डबा दुसऱ्याच कोणाचे “दोनशे ऐंशी रुपये मिळाले” म्हणून ओरडतो. ह्यांचा हात हवेत थांबतो. डोळे गिऱ्हाइकावर, तोंडात पुटपुट, “तीनशे… किती झाले?” मग पुन्हा पहिल्यापासून. मागची बाई घड्याळ बघते.

ह्यांचं वय झालं म्हणून असं होत नाही. आमच्याकडे मदतीला येणारी मुलगी विशीतली आहे, तिचंही तेच होतं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीची, म्हणजे काम चालू असताना लागेल तेवढं क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात मनातल्या मनात बोलून आकडे, शब्द तात्पुरते धरून ठेवण्याचा एक कप्पा आहे. पुढच्या प्रयोगांतून दिसलं की एखाद्याला आकड्यांची रांग लक्षात ठेवायला सांगितली आणि बाजूला कोणी बोलत राहिलं, तर “त्याकडे लक्ष देऊ नका” असं बजावूनही रांग बिघडते. बोलणं न समजणाऱ्या भाषेतलं असलं तरी बिघडते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. इथे तर बोलणं समजतं, शिवाय ते आकड्यांचंच, आणि तेही रुपयांचं. कानावर पडलेल्याला बाजूला सारून हातातलं चालू ठेवायचं, हे जे काम मन करतं त्याला मानसशास्त्रात बोधात्मक नियंत्रण म्हणतात. मी आपलं ‘मनाचा ताबा’ म्हणेन. डबा बनवणाऱ्यांनी कर्ण्याचा आवाज मोजला, हा ताबा हिशेबात धरला नाही.

उपाय खरं तर सोपा आहे. रक्कम सांगण्याआधी एक हलकी घंटा आणि मग क्षणभर शांतता. तेवढ्यात मोजणारा माणूस हातातला टप्पा पुरा करून कान मोकळा करतो. आमच्या डब्यात आधी सूर वाजतो, पण रक्कम त्याच्या शेपटीलाच चिकटून येते. रेंज गेली आणि परत आली की अडकलेल्या दोनतीन रकमा एकामागून एक ओकतो तो, तेव्हा तर कुठली कोणाची हे देवालाच माहीत. अशा वेळी मी सरळ मोबाइलमधली यादी उघडते.

पण माझी मुख्य तक्रार ह्याहून खोल आहे आणि ती मराठीत बोलणाऱ्या डब्याबद्दल आहे.

तीनशे सत्तेचाळीस. ऐकताना आधी तीनशे, मग सात, मग चाळीस. लिहिताना तीन, चार, सात. म्हणजे कानावर सात आधी पडला तरी तो थोपवून धरायचा, चार आधी लिहायचा, मग सात. तुम्ही-आम्ही हे लहानपणापासून करत आलो म्हणून जाणवत नाही, पण थोपवून धरण्याचं काम दर वेळी होतंच. थकलेल्या, घाईतल्या माणसाच्या हातून सात आधी निसटतो आणि वहीत ३७४ उतरतं. पाचवीच्या वर्गात श्रुतलेखन घेताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. पोरांना संख्या येत नसतात असं नाही. लिहायला त्यांचा हात घाईचा असतो. हा दोष मराठीचाच आहे असंही नाही. जर्मनमध्ये सात-आणि-चाळीस, डचमध्ये तसंच. आमच्या शेजारचे चाचा आखातात नोकरी करून आले, ते सांगतात अरबीतही तसंच. जर्मन मुलांच्या श्रुतलेखनात ही उलटापालट सापडते, त्यावर तिकडे बराच अभ्यास झालाय.

त्याच जर्मन लोकांवर एक फार सुंदर प्रयोग आहे. हान्स-क्रिस्टोफ न्युअर्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. दोन संख्या दाखवायच्या, मोठी कुठली ते सांगायचं. ४२ आणि ५७ ही एक जोडी. ४७ आणि ६२ ही दुसरी. दोन्ही जोड्यांत फरक पंधराचाच. उत्तर द्यायला दशक बघितलं की पुरे, एककाकडे ढुंकून बघायची गरज नाही. तरीही दुसऱ्या जोडीला लोकांना जास्त वेळ लागतो. का? पहिल्या जोडीत मोठ्या संख्येचं दशकही मोठं, एककही मोठा. दुसरीत दशक म्हणतं ६२ मोठी, आणि एकक मध्येच म्हणतो, सात दोनपेक्षा मोठा की! ज्याचं मत कोणी मागितलं नाही तोही बोलतो, आणि मनाला त्याला गप्प करून उत्तर द्यावं लागतं. त्या गप्प करण्यात क्षणाचा अंश जातो. प्रयोगशाळेत तो घड्याळावर मोजता येतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. स्पेनमधले मासिसो आणि हेरेरा ह्यांनी २०११ मध्ये ह्याच प्रयोगात भरीच्या, म्हणजे मुख्य जोड्यांच्या मध्ये मध्ये घातलेल्या, जोड्या बदलून पाहिल्या. ५३ आणि ५८ अशा, एकाच दशकातल्या, ज्यात एकक बघितल्याशिवाय उत्तरच मिळत नाही अशा जोड्या जास्त घातल्या, की एककाची लुडबुड वाढते. म्हणजे मन समोर काय येतंय ते बघून आपलं लक्ष कुठे किती द्यायचं ते आपसूक ठरवत असतं. एकक कामाचा असेल तर त्याला मोकळीक, नसेल तर आवर.

हे वाचलं तेव्हा मला आमचा मे आणि आमचा श्रावण डोळ्यांपुढे आला. मे महिन्यात आमचा माल पाकिटांत जातो. एकशे वीस, एकशे ऐंशी, अडीचशे. बेरीज शून्यावरच संपणार. डबा “चारशे तीस” म्हणाला काय आणि “पाचशे सत्तर” म्हणाला काय, कान शेकड्यावर आणि दशकावर ठेवला की झालं. त्या हंगामात डबा ऐकून वहीत लिहिण्यात चुका जवळजवळ होतच नाहीत, कारण थोपवून धरायला एककच नसतो. श्रावणात पर्यटक नाहीत. गिऱ्हाईक गावातलं, माल सुटा. पावशेर कुळथाचं पीठ, छटाकभर तिरफळं, वजनकाट्यावर जे येईल ते. रकमा दोनशे सत्तावन्न, एकशे अडतीस, त्र्याण्णव अशा अडनिड्या. गर्दी नाही, घाई नाही, तरी वहीत घोळ श्रावणातच जास्त. सगळ्यांत वाईट म्हणजे मेचा शेवट आणि पाऊस लागतानाचे दिवस. कान अजून शून्याच्या सवयीत असतो आणि मध्येच एखादी सत्तेचाळीस येते. तो प्रयोग डोळ्यांनी बघायच्या संख्यांचा आहे आणि माझं हे गल्ल्यावरचं निरीक्षण, दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण डबा विकायला येणारा माणूस “किती व्यवहार होतात दिवसाला?” एवढंच विचारतो, “रकमा कशा असतात?” हे विचारत नाही. विचारायला हवं.

संध्याकाळी वही आणि मोबाइल जुळत नाहीत तेव्हा काय करायचं, तेही सांगून टाकते. जुन्या कारकुनांना ठाऊक असलेली युक्ती आहे. फरक काढा आणि त्याला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर बहुतेक कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालीय. कारण दशक क आणि एकक ख असेल तर संख्या १०क + ख, उलटी १०ख + क, वजाबाकी ९ गुणिले त्या दोन अंकांतला फरक. एकदा ६३ चा फरक आला. ६३ भागिले ९ म्हणजे ७. म्हणजे शेवटच्या दोन अंकांत सातचा फरक असलेली रक्कम शोधायची: १८ नाही तर ८१, २९ नाही तर ९२. वहीवर बोट फिरवलं आणि २१८ सापडलं. डबा बोलला होता दोनशे एक्क्याऐंशी. मुलीने “एक्क्या” ऐकून एक लिहून टाकला होता. ती म्हणाली, “बाई, मी तर नीट ऐकलं होतं.” खरंच नीट ऐकलं होतं तिनं. म्हणून तिला काही बोलले नाही. उलट ९ चा नियम वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला.

ऐकण्याचाही एक घोळ आहे, तो वेगळा. मराठी संख्यानामात दशक शब्दाच्या शेवटी येतं, आणि गोंगाटात शब्दाचा शेवटच बुडतो. सत्तावन्न आणि सत्त्याण्णव. मागून ट्रक गेला की कानाशी राहतं ते ‘सत्ता’, आणि पुढे चाळीस रुपयांचा प्रश्न. “बाई, सत्तावन्न म्हणाला की सत्त्याण्णव?” हे वाक्य आमच्या दुकानात रोज आहे. पंचावन्न-पंच्याण्णव, बावन्न-ब्याण्णव, ह्याही तशाच जोड्या. ‘एकोण’चं उलट: तिथे सुरुवात बुडाली की रक्कम वाढते. एकोणसत्तरमधला ‘एकोण’ गेला की सत्तर राहतो. फरक रुपयाचा, कोणी भांडत नाही, पण ताळा चुकतो. डब्यावर पुन्हा ऐकायचं बटण आहे, ते उत्तम. फक्त ते मागच्या बाजूला का दिलंय हे मला उमगलेलं नाही. डबा उचलायचा, फिरवायचा, चाचपून बटण शोधायचं, आणि तेवढ्यात पुढची रक्कम आली तर तीच पुन्हा ऐकू येणार.

एकोणवरून आठवलं. मोठ्या दुकानांतून ५९, २९९ असल्या किमती लावतात ना, त्यामागे डावीकडच्या अंकाचा खेळ आहे. मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ ह्यांनी २००५ मध्ये दाखवलं की शेवटी ९ असल्यामुळे डावीकडचा अंक बदलत असेल तर किंमत प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी वाटते. आता हीच किंमत मराठीतून मोठ्यानं वाचा. एकोणसाठ. शब्दातच साठ! कागदावर पाच पुढे येऊन भुलवतो, तोंडी सांगितलं की साठ उघडा पडतो. गावातल्या आज्या पाटी वाचत नाहीत, “कितीला?” विचारतात. त्यांच्यापुढे ही शक्कल चालेलसं मला वाटत नाही. हे माझं आपलं मत. कोणा विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवा असेल तर घ्यावा.

भाषा बदलून पाहिली का, असं कोणी विचारेल. पाहिली. इंग्रजीत आकडा लिहायच्या क्रमानं येतो, थ्री हंड्रेड फोर्टी सेव्हन, आणि वहीतली उलटापालट थांबते. पण फिफ्टी की फिफ्टीन, हा नवा तिढा उभा राहतो. शिवाय ह्यांना मनातल्या मनात मराठीत आणून मग समजतं, म्हणजे वाचवलेला वेळ तिथे गेला. हिंदीत एकक आधीच, वर उनसठ, उनहत्तर करता करता उन्यासी आणि मग एकदम नवासी. मदतीची मुलगी म्हणाली, “त्यापेक्षा डबा बंद ठेवूया.” कानडी पर्याय होता, तो कोण लावणार इथे? पण बेळगाव-हुबळीकडचे पर्यटक आपसात हिशेब करताना ऐकलेत मी: नलवत्तेळु, चाळीस मग सात. ऐकत जायचं, लिहीत जायचं.

इथे अर्थातच २०१९ ची आठवण होणार. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नच्या जोडीला ‘पन्नास तीन’ आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधानसभेत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावं लहान मुलांना जड जातात, एवढंच त्या शांतपणे सांगत होत्या. मी तेव्हा टिंगल करणाऱ्यांत नव्हते, पण ‘त्रेपन्न’ टाकून द्यावं असंही मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही. मात्र डबा म्हणजे काही भाषा टिकवायचं ठिकाण नव्हे. तिथे ‘तीनशे चाळीस सात’ असा पर्याय दिला तर भाषेचं काय बिघडतं? किंवा त्याहून बरं: रक्कम एकदा रीतसर सांगायची, “तीनशे सत्तेचाळीस रुपये मिळाले”, आणि लगेच मागून सुटे अंक, “तीन, चार, सात”. फोननंबर आपण असाच सांगतो. पहिल्यानं किती ते कळलं, दुसऱ्यानं लिहायला मिळालं. नको असेल त्यानं बंद करावं.

हे मी चिपळूणहून येणाऱ्या कंपनीच्या माणसाला सांगितलं. चहा दिला, वही दाखवली, २१८ आणि २८१ दाखवलं. मुलगा गुणी आहे, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, लोक आवाज वाढवून मागतात. आकड्याचं आजवर कोणी काही बोललं नाही.” मी म्हटलं, “अरे, आकडा कळत नाही म्हणूनच तर आवाज वाढवून मागतात.” हसला. वर कळवतो म्हणाला. बघू.

त्यानं स्क्रीनवाला नवा डबा घ्या असं सुचवलं. जाऊबाईंच्या दुकानात तो आहे, म्हणून जाऊन पाहिला. स्क्रीन ही गोष्ट उत्तम. कानाला जे बुडालं ते डोळ्याला दिसतं आणि दशक-एककाची भानगडच मिटते. पण मांडणी कोणी केलीय कोण जाणे! आताची रक्कम वरच्या कोपऱ्यात बारीक, आणि खाली दिवसभराची बेरीज ठळक, मोठ्या अंकांत. जाऊबाई तीनदा डोळे बारीक करून बघतात. बी.एड.ला स्ट्रूपचा प्रयोग शिकवायचे, १९३५ चा: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा, माणूस अडखळतो. त्याचंच आकड्यांचं रूप इस्रायलच्या हेनिक आणि त्झेलगॉव्ह ह्यांनी १९८२ मध्ये तपासलं. ३ मोठा छापलेला, ५ बारीक. किंमत कुणाची मोठी विचारा, छपाई आड येते. छपाई कुणाची मोठी विचारा, किंमत आड येते. मोठं दिसणारं मोठंच असणार, असं मन आधी धरून चालतं आणि मग त्याला मागे खेचावं लागतं. म्हणून आताची रक्कम मोठी आणि एकटी दाखवावी. बेरीज संध्याकाळी लागते, तेव्हा बटण दाबून बघता येईल. आणखी एक: स्क्रीनवर अंक इंग्रजी, आमच्या दराच्या पाटीवर देवनागरी. आम्हाला दोन्ही येतात, त्याची तक्रार नाही.

तर घ्यावा कोणी? पाकिटातला माल, गोल रकमा, भरपूर गर्दी असेल त्यानं साधा डबा बिनधास्त घ्यावा. वजनावर सुटा माल विकणाऱ्यानं, मासळी, भाजी, किराणा, स्क्रीनवालाच घ्यावा, महिन्याला थोडं जास्त पडलं तरी. डबा ऐकून वहीत लिहायची सवय असेल तर मोडावी. दर तासाला मोबाइलमधल्या यादीवरून लिहून काढावं. आम्ही आता तसंच करतो. सुट्टे मोजणाऱ्यापासून डबा जमेल तितका लांब ठेवावा. आमचा डबा गल्ल्यावरून उचलून मुलगी पाकिटं बांधते त्या टोकाला नेला, तेव्हापासून ह्यांचा हात हवेत थांबत नाही. रक्कम ऐकून पिशवी द्यायचं काम तिचं, सुट्ट्यांचं काम ह्यांचं. दुकानात एकटाच माणूस असेल तर मात्र ह्यावर माझ्याकडे तोड नाही.

आवाजाला दहापैकी दहा. बॅटरी, रेंज मिळून सात. आकडे सांगण्याला चार, आणि तेही पुन्हा ऐकायच्या बटणामुळे. डबा रस्त्याच्या बाजूला उघड्यावर ठेवू नका. खाऱ्या हवेनं चार्जिंगची पिन गंजते, आणि ती भाड्यात बदलून मिळत नाही. आमच्याकडून वेगळे पैसे घेतले.